पाण्यात ट्रिम केल्याशिवाय नौका द्यायची नाही : आमची वाटचाल

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाईप, चटया आणि डाळ यांचे कारखाने आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वसाहतीतल्या एका शेडमध्ये रेडिओवर चालणाऱ्या पाणबुड्यांच्या प्रतिकृती तयार होतात, हे मात्र अजूनही पुष्कळांना खरे वाटत नाही. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर असताना पाणबुडी जळगावात कशासाठी, असा प्रश्न नवा ग्राहक हमखास विचारतो. त्याचे उत्तर आमच्या मूळ धंद्यात आहे. रावेर-यावलच्या केळीबागांना खोल बोअरमधून पाणी उपसावे लागते, म्हणून सबमर्सिबल पंपांची दुरुस्ती आणि रिवाइंडिंग हा आमच्या भागातला जुना व्यवसाय आहे आणि आमचे घरही त्यावरच चालत आले. फिरत्या शाफ्टच्या कडेने पाणी आत येऊ न देणे हेच या दुरुस्तीतले खरे कसब, आणि पाणबुडीच्या प्रतिकृतीतही तेच सर्वांत अवघड असते. शिवाय पीव्हीसी पाईप इथे दारात मिळतो. हा धंदा जळगावात उभा राहिला याचे आम्हांला कधी नवल वाटले नाही.

आम्हांला या कामाकडे वळवले ते आमच्या पहिल्या भागीदारांनी. ते अमळनेरच्या बाजूचे विज्ञानशिक्षक होते आणि आम्ही सर्वजण त्यांना मास्तर म्हणत असू. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 2002 पासून संग्रहालय म्हणून उभी असलेली आयएनएस कुरसुरा ही नौदलाची निवृत्त पाणबुडी त्यांनी पाहिली होती. 8 डिसेंबर 1967 रोजी नौदलात दाखल झालेली पहिली कलवरी ही पाणबुडी ज्या फॉक्सट्रॉट वर्गाची होती, त्याच वर्गाची ही नौका. मूळ लांबी 91.3 मीटर, म्हणजे 1:72 प्रमाणात सुमारे 127 सेंटिमीटर. तिच्या त्या मापाच्या प्रतिकृतीसाठी मास्तरांनी एफआरपीचा (काचतंतूच्या प्लास्टिकचा) हल, म्हणजे बाहेरचे कवच, स्वतः ओतला होता, आतले इलेक्ट्रॉनिक्सही स्वतः जोडले होते; पण फॉक्सट्रॉटला तीन पंखे असतात, आणि तीन शाफ्ट म्हणजे पाणी आत शिरण्याच्या तीन जागा. ते आमच्याकडे सील बसवून घेण्यासाठी आले होते. आम्ही पितळी नळीत प्रत्येक शाफ्टला एकमेकांकडे पाठ केलेली दोन लिप सील (शाफ्टला घट्ट टेकणाऱ्या रबरी कड्या) बसवली आणि मधली पोकळी ग्रीसने भरली. नौका रात्रभर हौदात बुडवून ठेवली आणि सकाळी आतला टिपकागद कोरडा निघाला, तेव्हा मास्तरांनी भागीदारीची गोष्ट काढली. लेथ आमचा, गणित त्यांचे, असे ठरले.

तो राजकोटचा लेथ आजही चालू आहे आणि त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय आमची कथा पुरी होणार नाही. आमच्या नौकांच्या हलमध्ये पाणी शिरू देतात; मोटर, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स त्याच्या आतल्या पीव्हीसी पाईपच्या बंद, कोरड्या सिलिंडरमध्ये असतात. त्या सिलिंडरची दोन्ही झाकणे या लेथवरच होतात. पीव्हीसी पाईपचा बाहेरचा व्यास मानकाप्रमाणे पक्का असतो, आतला व्यास मात्र दाबाच्या वर्गानुसार बदलतो आणि पाईप क्वचितच पूर्ण गोल असतो. म्हणून आम्ही प्रत्येक तुकडा आतून मोजतो, टोकाशी हलकासा बोअर मारतो आणि मगच त्याच्या मापाचे झाकण वळतो. झाकणासाठी नायलॉन स्वस्त पडतो, पण तो पाणी शोषून फुगतो, त्यामुळे आम्ही डेलरिन हे दुसरे प्लास्टिकच वापरतो. पुढचे झाकण मात्र ॲक्रिलिकचे, म्हणजे आत पाण्याचा थेंब आला तर नौका न उघडता दिसतो. तीन मिलिमीटर जाडीच्या ओ-रिंगला, म्हणजे झाकण पाणबंद करणाऱ्या रबरी कडीला, झाकणात 2.4 मिलिमीटर खोलीची खाच दिली की रिंग साधारण वीस टक्के दाबली जाते, आणि तेवढेच हवे. खाचेच्या तळाला टूलची रेघ राहिली तर त्या रेघेतून पाणी झिरपते, म्हणून शेवटचा काप अगदी हलका घ्यायचा आणि खाच बोटाच्या नखाने तपासायची. दोन मीटर खोलीवर 90 मिलिमीटरच्या झाकणावर सुमारे 13 किलोचा भार येतो. तो आकडा फार मोठा नाही, पण निष्काळजीपणे वळलेले झाकण तिरपे होण्यासाठी तेवढा पुरतो.

बॅलास्टसाठी, म्हणजे नौका बुडवायला पाणी आत घेण्यासाठी आणि वर आणायला ते बाहेर काढण्यासाठी, आम्ही पहिल्यापासून पिस्टन टाकीवर ठाम राहिलो. गॅसच्या डब्याने टाकी फुंकणारी पद्धत झटपट आहे आणि दिसायलाही छान आहे, परंतु गॅस संपला की नौकेचा वर येण्याचा मार्गही संपतो. पिस्टन टाकीत आटे पाडलेला दांडा मोटरने फिरतो, पाणी हवे तेवढेच आत घेता येते आणि तेवढेच बाहेर ढकलता येते. पिस्टन मागे सरकताना सिलिंडरमधली हवा दाबली जाते, म्हणून कोरड्या भागात पुरेशी मोकळी जागा ठेवावी लागते. ती न ठेवता सगळीकडे बॅटऱ्या कोंबणाऱ्यांची मोटर मध्येच अडते.

आमचे सर्वांत जुने ग्राहक रावेर तालुक्यातले केळी उत्पादक शेतकरी आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते मूळचे आमच्याकडे जळालेली मोटर घेऊन येणारे. एकदा त्यांनी हौदात मास्तरांची नौका बुडताना आणि पुन्हा वर येताना पाहिली, आणि मोटरीचे बिल चुकते करतानाच स्वतःसाठी नौकेची मागणी नोंदवली. त्याहून मोलाचे म्हणजे त्यांनी आपले शेततळे आम्हांला वापरू दिले. प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या शेततळ्यासारखी जागा या कामाला दुसरी नाही. तळ गुळगुळीत असतो, पाणवनस्पती पंख्यात अडकत नाहीत, पाणी नितळ असते आणि काठावरून नौका पूर्ण दिसते. जळगावच्या मेहरूण तलावावर लोक कौतुकाने गोळा होतात, परंतु तिथे नौका बुडाली की केवळ अंदाजाने पाहत राहावे लागते.

ट्रिमचे काम, म्हणजे फोम आणि शिसे बसवून नौकेचा पाण्यातला तोल साधणे, आम्ही आबांच्या शेततळ्यावरच करत आलो. पुष्कळ जण आधी नौका पाणरेषेवर तरंगवतात आणि मग बुडवण्याच्या मागे लागतात. आमची पद्धत उलट आहे. टाकी पूर्ण भरायची, हलमधली अडकलेली हवा नौका डोलवून वरच्या छिद्रांतून काढून टाकायची, आणि पेरिस्कोपचे टोक तेवढे पाण्याबाहेर राहील इतका फोम हलमध्ये बसवायचा. त्यानंतर टाकी रिकामी करून नौका पाण्यावर आणायची आणि पाणरेषा पाहायची. पाणरेषेच्या वर बसवलेला फोम नौका बुडाल्यावरच उचल देतो, खाली बसवलेला फोम दोन्ही अवस्थांत देतो. म्हणून नौका फार खोल बसली असेल तर फोम खाली सरकवायचा, फार उंच बसली असेल तर वर. एकूण फोम तोच राहत असल्याने बुडालेल्या अवस्थेतला तोल बिघडत नाही. नाक खाली जात असेल तर फोम पुढे किंवा शिसे मागे. शिसे मात्र नेहमी हलच्या अगदी तळाशी, कारण गुरुत्वमध्य उत्प्लावनाच्या (पाण्याच्या उचलीच्या) मध्याच्या पुरेसा खाली नसेल तर पंख्याच्या उलट्या पिळाने नौका कुशीवर वळते. फोम बंद छिद्रांचाच हवा. साधा थर्माकोल दाण्यांच्या फटींत पाणी धरतो आणि सकाळी साधलेला ट्रिम संध्याकाळपर्यंत जातो. हे सारे करताना मास्तर शिशाच्या पट्ट्या कात्रीने कापत बसत आणि पेरिस्कोप बोटाच्या पेराइतकाच बाहेर दिसेपर्यंत कोणाला जेवायला उठू देत नसत.

14 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत स्कॉर्पीन वर्गाची नवी कलवरी नौदलात दाखल झाली आणि आमच्याकडे त्या वर्गाच्या नौकेची मागणी एकाएकी वाढली. 67.5 मीटर लांबीची ही नौका 1:72 प्रमाणात 94 सेंटिमीटर होते, हलची रुंदी 86 मिलिमीटर, आणि 75 मिलिमीटरचा पाईप तिच्यात नेमका बसतो. याच काळात एका मोठ्या शहरातला विक्रेता आमच्या नौका घेऊ लागला. त्याने सुरुवातीला रोख पैसे दिले, पुढे उधारी वाढवली, आणि आमची थकबाकी सर्वांत मोठी असताना आमच्याच नौकेची नक्कल जवळपास निम्म्या किमतीत बाजारात आणली. आमचा सिलिंडर कापून त्याची मापे घेतली होती, हे झाकणावरची खाच पाहताच ओळखू येत होते. खाच आमची होती, ओ-रिंग मात्र हाती लागेल ती.

नकलेचे दुःख आम्ही एक वेळ गिळले असते. त्याने त्या नौकेत 2.4 गिगाहर्ट्झचा रिसीव्हर बसवला आणि ती तीन मीटर खोलीवर चालते असे छापून विकली, ही गोष्ट आजही आमच्या मनातून जात नाही. या व्यवसायातल्या कोणालाही ठाऊक आहे की 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात वीत-दोन वीत अंतरातच संपतात. पेरिस्कोपच्या खोलीवर अँटेना पाण्याबाहेर असेल तोवर सगळे सुरळीत दिसते आणि नौका खाली गेली की हाताबाहेर जाते. आम्ही जुने 27 मेगाहर्ट्झचे संच जिथे मिळतील तिथून जमवून, वारंवारता ठरवणारे क्रिस्टल तपासून वापरत आलो ते याचसाठी. गोड्या पाण्यात त्यांचा संदेश नौका चालवण्याइतक्या खोलीपर्यंत चांगला पोहोचतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात तो कमी होतो आणि समुद्रात जवळजवळ पोहोचतच नाही. आमच्या प्रत्येक नौकेत फेलसेफ असतो. संदेश तुटला, बॅटरी उतरली किंवा सिलिंडरच्या तळाच्या दोन तारांना पाणी लागले, की पिस्टन आपोआप पाणी बाहेर ढकलतो. त्या विक्रेत्याच्या नौकेत असे काहीच नव्हते, आणि कोणतीही नौका पाण्यात ट्रिम केलेली नव्हती; थर्माकोलचे तुकडे खोक्यात वेगळे टाकून दिले जात.

त्या नौका तलावांत हरवू लागल्या आणि बोल आम्हांला लागला. आकार तोच, जळगावची नौका म्हणून आमचे नाव आधीपासून झालेले, त्यामुळे लोकांनी दोघांना एकच मानले. जी खोकी दुरुस्तीला येत ती उघडली की आत आम्ही कधीच न वापरलेला माल निघे, आणि तो आमचा नाही हे सांगितले की ग्राहकाला ती पळवाट वाटे. थकबाकी मागितली तर विक्रेत्याने आमच्याच मालात दोष असल्याचे पत्र पाठवले. अशा स्थितीत मार्च 2020 ची टाळेबंदी आली, शाळांच्या प्रदर्शनांसाठी ठरलेली कामे रद्द झाली, आणि दुसरा लेथ आम्हांला विकावा लागला. मास्तरांनी आपला हिस्सा काढून घेण्याऐवजी पेन्शनमधून रेझिनचे पैसे भरले. आम्ही पुन्हा मोटरी भरू लागलो, कारण टाळेबंदीतही केळीला पाणी लागतच होते. आबांनी त्याच महिन्यांत दुसऱ्या नौकेची पूर्ण रक्कम आगाऊ दिली आणि जमेल तेव्हा द्या, घाई नाही, एवढेच म्हणाले. त्यांनी कधी सवलत मागितली नव्हती, तेव्हाही मागितली नाही. नव्याने उद्योग करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की ज्याच्याकडे आपली उधारी एका मर्यादेपलीकडे गेली त्याला नमुना म्हणूनही पुढचा माल देऊ नये, आणि जो पूर्ण पैसे देऊन थांबायला तयार आहे त्याचे काम सर्वांत आधी करावे.

निर्बंध उठल्यावर आम्ही नाशिक, इंदूर आणि सुरतेच्या छंदिष्टांना आबांच्या शेततळ्यावर बोलावले. एका ग्राहकाने आणलेली त्या विक्रेत्याची नौका आणि आमची नौका शेजारी सोडल्या. दोन्ही मीटरभर खाली नेऊन दोन्ही रिमोट बंद करायचे ठरले होते. विक्रेत्याच्या नौकेचा रिमोट बंद करण्याची वेळच आली नाही. ती पाणरेषेखाली गेल्यावर थोड्याच वेळात ऐकेनाशी झाली आणि तळाशी जाऊन बसली. आमच्या नौकेचा रिमोट मास्तरांनी बंद करून खिशात ठेवला. पिस्टनचा आवाज पाण्यातूनही ऐकू येत होता. नौका नाक किंचित वर धरून सरळ पृष्ठभागावर आली आणि आखलेल्या पाणरेषेवर थांबली. तळातली नौका काढायला आबांच्या गड्याला दोर बांधून उतरावे लागले, कारण अस्तरावरून पाय घसरतो आणि शेततळ्यात कोणीही दोराशिवाय उतरू नये. त्या संध्याकाळी ज्यांनी मागण्या नोंदवल्या, त्यांच्यातले बहुतेक अजूनही आमच्याकडेच येतात. पुढची वर्षे सुरळीत गेली.

दोन गोष्टी मात्र ग्राहकांनी पाळाव्यात. मे महिन्यात जळगावच्या 43 अंशांच्या उन्हात सिलिंडर बंद करून तो लगेच 27 अंशांच्या पाण्यात सोडू नये. आतली हवा थंड होऊन दाब सुमारे पाच टक्के उतरतो, आणि सिलिंडरवर जणू अर्धा मीटर अधिक खोलीचा ताण येतो. झाकण सावलीत बंद करावे, नौका पाण्याच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग हवेचा स्क्रू क्षणभर सैल करून पुन्हा आवळावा. दुसरे, शिसे-आम्लाची बॅटरी बंद सिलिंडरमध्ये कधीही चार्ज करू नये. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि कोंडलेल्या हायड्रोजनला एक ठिणगी पुरते.

मास्तरांची दृष्टी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, तरी ट्रिमच्या दिवशी ते रावेरला येतात आणि पेरिस्कोप किती बाहेर आहे हे आम्हांला विचारून शिशाचा तुकडा हाताने अजमावून देतात. नव्या मागण्या आम्ही ट्रिमच्या दिवसाला धरूनच घेतो. ग्राहकाने त्या दिवशी स्वतः हजर राहून नौका पाण्यातून आपल्या हाताने उचलावी, अशी आमची अट आहे. ज्यांच्याकडे त्या विक्रेत्याची नौका आहे, त्यांचेही काम आम्ही घेतो. झाकणे नवी वळून देतो, थर्माकोल काढून फोम बसवतो, फेलसेफ जोडतो आणि नौका शेततळ्यात ट्रिम करून परत करतो. 2.4 चा रिसीव्हर मात्र आम्ही तिच्यात राहू देत नाही, आणि दुरुस्तीची रक्कम आगाऊ घेतो.