नोकरीच्या वर्षांचे पदक

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मिलिटरीतून पेन्शनीवर आलेला माणूस नाही, असे मराठी गाव शोधूनच काढावे लागेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि पदकांच्या चौकटी इथे घरोघरी दिसतात. पाहुण्याने दीर्घ सेवेच्या पदकाकडे बोट दाखवले, की घरची माणसे "ते नोकरीचे आहे" एवढेच सांगून लढाईच्या पदकाकडे वळतात. ही उपेक्षा मला पटत नाही, कारण साध्या शिपायाच्या छातीवर हे पदक यायला फार काळ जावा लागला.

फ्रान्समध्ये पंधराव्या लुईने १७७१ मध्येच २४ वर्षे नोकरी केलेल्या सैनिकांसाठी दोन तलवारींचे मानचिन्ह सुरू केले होते. ब्रिटिश सैन्यात चौथ्या विल्यमने १८३० मध्ये दीर्घ सेवा व सद्वर्तनाचे पदक काढले. त्यासाठी पायदळात २१ आणि घोडदळात २४ वर्षे निष्कलंक नोकरी लागे, ती अट १८७० मध्ये १८ वर्षांवर आली. कंपनी सरकारने १८४८ मध्ये असेच पदक दिले, पण ते आपल्या युरोपीय सैनिकांना. हिंदी सुभेदार-जमादारांसाठी १८३७ पासून 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' ही सन्मानाची पदवी होती आणि तिच्या पहिल्या वर्गाबरोबर 'सरदार बहादूर' हा किताब मिळे. तिचे पदक गळ्यात घालायची फीत आधी आकाशी होती, पण केसांच्या तेलाचे डाग पडतात म्हणून ती गडद लाल केली, असे सांगतात. हिंदी शिपाई आणि हवालदार यांच्या वाट्याला मात्र दीर्घ सेवेचे पदक १८८८ मध्ये आले, म्हणजे गोऱ्या सैनिकानंतर तब्बल ५८ वर्षांनी, आणि त्यासाठी २० वर्षांची नोकरी लागे.

खानापूर तालुक्यातील एका घरी मी असे पदक हातात घेऊन पाहिले आहे. पुढच्या बाजूचा राणीचा चेहरा वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झाला होता. मागे कमळांची आणि ताडपत्रांची माळ शाबूत होती. खरा ऐवज काठावर होता: नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. ज्या घरात आजोबांच्या वडिलांचा दुसरा एकही कागद उरलेला नाही, तिथे काठावरची ती ओळ हाच त्यांच्या नोकरीचा दाखला आहे. म्हणून अशी पदके मोडीत घालू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्वतंत्र भारतात ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची वेगवेगळी पदके आहेत आणि ती जवान व अधिकारी दोघांनाही मिळतात. पंधरा वर्षांवर पेन्शन घेऊन घरी आलेल्या शिपायाकडे त्यांपैकी ९ वर्षांचे असते. विसाचे पदक बहुधा हवालदार, सुभेदार झालेल्यांकडे दिसते. २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांची मुदत चार वर्षांची आहे आणि त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्केच पुढे कायम होतात. बाकीच्यांच्या बाबतीत ९ वर्षांच्या पदकाचा प्रश्नच येत नाही.