दाराचा एकच बोल्ट अडतो तेव्हा

घरी गाडीच्या दाराचं काम काढणाऱ्यांकडून मला हा प्रश्न वारंवार येतो. लॉक बदलायला घेतलं, दाराच्या कडेचे दोन बोल्ट सुटले, तिसऱ्याच्या डोक्यातली खाच घसरली. आता बिट, म्हणजे खाचेत बसणारं ड्रायव्हरचं टोक, नुसता फिरतो आणि बोल्ट जागचा हलत नाही. काय करू? विचारणाऱ्याच्या हातात बहुधा तोवर ड्रिल आलेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ड्रिल खाली ठेवा. खाचेचा जेवढा आकार शिल्लक आहे तेवढीच तुमची पुंजी, आणि बिट घसरला की दर वेळी ती झिजते. दुसरं म्हणजे, खाच गेली हा परिणाम आहे. मूळ दुखणं बहुतेक वेळा आट्यांमध्ये असतं. आटे सोडायला तयार नसतात म्हणून खाचेवर भार येतो आणि ती मरते. तरीही सगळे भांडतात ते डोक्याशीच. नवा बिट, मोठा बिट, रबराचा तुकडा मध्ये घालून बिट, असं चालू राहतं. रबराचा उपाय सैल स्क्रूला चालेल. गंजलेल्या बोल्टापुढे त्याचा निभाव लागत नाही.

आटे का धरतात हे दाराची रचना पाहिली की कळतं. काचेच्या कडेच्या रबरी पट्टीतून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंच. ते अडवायचा प्रयत्नही नसतो. दाराच्या तळाशी निचऱ्याची भोकं असतात, पाणी तिथून बाहेर जावं अशी योजना असते. ती भोकं मातीने बुजली की दारात दमटपणा साचतो. लॉकच्या बोल्टांची टोकं नेमकी याच दमट पोकळीत उघडी असतात. बाहेरून डोकं चकचकीत दिसतं आणि आतलं टोक तांबूस झालेलं असतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली बारीक फट भरून निघते आणि बोल्ट पाचरीसारखा आवळला जातो.

म्हणूनच डोक्यावर तेल फवारून फारसं काही होत नाही. आतलं पॅनेल तसंही काढलेलंच असतं. प्लास्टिकचा पडदा हळूच सोडवा, टॉर्च आत धरा आणि बोल्टाचं टोक शोधा. गंज सोडवणारं पातळ तेल तिकडून द्या, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा द्या. घाई नसेल तर आणखी एक दिवस जाऊ द्या. गंजाची पूड मिसळून विटकरी झालेलं तेल बाहेर डोक्याच्या कडेने पाझरलेलं दिसलं, तर ते आट्यांमधून आरपार गेलं आहे. मला याहून चांगली खूण माहीत नाही.

कधीकधी मात्र गंज नसतोच. कारखान्यात आट्यांना गोंद लावलेला असतो, धक्क्यांनी बोल्ट सैल होऊ नये म्हणून. सुटलेल्या दोन बोल्टांचे आटे नीट पाहा. निळी, लाल किंवा हिरवी सुकलेली पापडी दिसली तर तेल विसरा, कारण त्या गोंदाला तेलाने काही होत नाही. त्याला उष्णता लागते. गॅसची ज्योत दाराजवळ आणायची नाही. आत वायरी आहेत, प्लास्टिक आहे, फोम आहे, बाहेर रंग आहे, आणि तेल फवारलं असेल तर तेही पेट घेतं. मी जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न वापरते, वायरी जोडायला वापरतात ते विजेवर तापणारं हत्यार. टोक खाचेत घट्ट दाबून काही मिनिटं धरायचं आणि बोल्ट गरम असतानाच फिरवायचा. उष्णता बोल्टातूनच आट्यांपर्यंत जाते आणि आजूबाजूचा रंग बहुतेक वाचतो. साधा गोंद एवढ्यावर सुटतो, पक्क्या गोंदाला जवळपास २५० अंश सेल्सिअस लागतं.

आता खाच. तिच्यात साचलेला रंग आणि मळ आधी सुईने कोरून काढा. खाच गेली असं वाटणाऱ्या कित्येक बोल्टांत बिट तळापर्यंत पोहोचलेलाच नसतो. मग बिट योग्य आहे का ते पाहा. सहा पाकळ्यांच्या टॉर्क्स खाचेत टी-२७ आणि टी-३० या मापांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. लहान बिट आत बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि पाकळ्यांची टोकं खरवडून टाकतो. अधिक चिन्हाच्या खाचेची गोष्ट वेगळी. अमेरिकन उद्योजक हेन्री फिलिप्स यांना तिची पेटंटं १९३६ साली मिळाली आणि कॅडिलॅक गाड्यांच्या जोडणीत ती लवकरच वापरात आली. तिच्या भिंती उतरत्या असतात, म्हणून जोर वाढला की बिट आपोआप वर ढकलला जातो. जपानी गाड्यांत तशाच दिसणाऱ्या पण वेगळ्या मापाच्या खाचा भेटतात. डोक्यावर एका बाजूला छोटा ठिपका दिसला तर जपानी मापाचाच बिट घ्या. तो खोल बसतो आणि फरक हाताला लगेच जाणवतो.

बिट वर ढकलला जातो यावर उत्तर आहे हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. विजेवर चालणारा नव्हे, हातात धरायचा जाड नळकांड्यासारखा. मागून हातोडी मारली की तो बिट आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरवतो. खाचेला धरून ठेवणारा दाब आणि गंज तडकवणारा हादरा एकाच फटक्यात मिळतात. घरी दाराचं काम करणाऱ्याने एकच जास्तीचं हत्यार घ्यायचं ठरवलं तर मी हेच घ्यायला सांगेन.

मात्र मारण्याआधी तयारी हवी. काच पूर्ण वर करा, मग बॅटरीचं ऋण टोक सोडा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. क्रम हाच ठेवा, कारण बॅटरी सुटल्यावर विजेची काच वर जाणार नाही. बऱ्याच गाड्यांत दाराच्या आत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर असतो, आणि चालू यंत्रणेवर हातोडी चालवणं धोक्याचं आहे. दाराच्या दुसऱ्या बाजूला कुणाला तरी लाकडी ठोकळा टेकवून उभं करा. दार झुलत राहिलं तर फटक्याचा अर्धा जोर बिजागरांत जातो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पहिला फटका आवळण्याच्या दिशेने द्या. खाचेच्या भिंती झिजलेल्या असतात त्या सोडण्याच्या बाजूच्या. आवळण्याच्या बाजूच्या अजून धड असतात. त्या बाजूला केसभर जरी हलला तरी गंजाची पकड तुटते. मग दिशा बदला. सुटणारा बोल्ट कोरडा, स्पष्ट ‘टक्’ आवाज देतो आणि हाताला एकदम मोकळं वाटतं. आवाज न होता स्प्रिंगसारखं दबल्यासारखं वाटलं तर थांबा. तिथे बोल्ट फिरत नाही, पिळला जातोय, आणि आणखी जोर लावला तर तुटेल. मी तिथे पुन्हा तेलाकडे किंवा उष्णतेकडे वळते. एकदा सुटला की सरळ बाहेर काढू नका. थोडा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा, म्हणजे सुटलेली गंजाची पूड आट्यांत अडकत नाही.

डोकं बाहेर आलेल्या षट्कोनी बोल्टाचे कोपरे गोल झाले असतील तर काम सोपं आहे. बारा कोनांचा सॉकेट टाकून सहा कोनांचा घ्या. तो कडांऐवजी सपाट बाजूंना धरतो. जमत नसेल तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून व्हाइस ग्रिप, म्हणजे आवळून अडकवता येणारी पकड, लावा. बिजागराचा बोल्ट असेल तर आधी दाराखाली आधार द्या.

एवढं सगळं करूनही हलला नाही, तर ड्रिल उचला. तेही बोल्ट पोखरून काढायला नाही, फक्त डोकं उडवायला. बरोबर मध्यावर पंचने खूण करा, ३ मिलिमीटरच्या बिटने सुरुवात करा आणि बोल्टाच्या दांड्याएवढ्या जाडीपर्यंत वाढवत न्या. एम-६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा बोल्ट असेल तर ६ मिलिमीटर, त्यापुढे नाही. वेग कमी, दाब जास्त. डोकं गळून पडलं की बोल्टातला ताण संपतो, आणि इतका वेळ हट्ट धरून बसलेला उरलेला दांडा पुष्कळदा आतून पकडीने सहज फिरतो. मोडका बोल्ट काढायचे उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर मिळतात, पण एम-६ सारख्या बारीक बोल्टात मी ते घालत नाही. ते फार कडक आणि ठिसूळ असतात. आत मोडला तर साधा ड्रिल बिट त्याला कापूच शकत नाही.

लोखंडाचा कीस दारातून चुंबकाने आणि व्हॅक्यूमने पूर्ण काढा, नाहीतर तोच पुढे गंजेल. उघड्या पत्र्याला रंगाचा हात द्या, निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, आटे टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ करा. बोल्ट नवाच घाला. पुस्तिकेत गोंद सांगितला असेल तर गोंदही लावा.

आणि दार लगेच लावू नका. दार उघडं असतानाच लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बंद करा, मग आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही हँडलने ती सुटते का पाहा. दांडी किंवा केबल जोडायची राहिली असेल आणि दार एकदा बंद झालं, तर तुम्ही एवढ्या कष्टाने बसवलेले तिन्ही बोल्ट बंद दाराच्या कडेत असतील आणि तिथे कुठलाच बिट पोहोचणार नाही.