पंप कुठे आहे?

टूर मॅनेजरला राजवाडे बघायला मिळतात म्हणून लोकांना हेवा वाटतो. खरं सांगायचं तर तिसऱ्या दालनापासून ग्रुपचे पाय कुरकुरायला लागतात आणि माझं सगळं लक्ष माणसं मोजण्यात असतं. रशियातलं पीटरहॉफ मात्र मला आवडतं. तिथली खरी गंमत महालाबाहेर आहे.

त्या दिवशी सेंट पीटर्सबर्गहून बोटीने गेलो. सगळ्यांना अकराच्या आत महालाखालच्या मुख्य कारंज्यापाशी उभं करायचं होतं, कारण अकराला संगीत सुरू होतं आणि पाणी सुटतं. पायऱ्यापायऱ्यांवरचे सोनेरी पुतळे भिजू लागले आणि मधोमध बायबलमधल्या बलदंड सॅमसनने जबडा फाडलेल्या सिंहाच्या तोंडातून सुमारे 20 मीटर उंच धार उसळली. सिंह म्हणजे स्वीडन. 1709 साली पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाचा राजा पीटर याने स्वीडनला हरवलं, त्याची ही मिरवणूक. आजचा पुतळा 1947 मधला. त्याच्या आधीचा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना गायब झाला.

सगळे फोटोत दंग. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका तेवढे कठड्याला टेकून उभे. आल्यापासून त्यांना काहीच पसंत पडलं नव्हतं. जेवण सपक, चहा पाणचट.

"अरे, पंप कुठे बसवलाय यांनी?"

"पंप नाही काका. सगळं उतारावर चालतं."

"काहीतरी सांगू नकोस."

मग स्थानिक गाइडताईंना बोलावलं. रोपशाच्या उंचवट्यावर झरे आहेत, वीसेक किलोमीटरवर. तिथून पाटाने पाणी येतं, तळ्यांत साठतं आणि मग नळांतून खालच्या बागेत उतरतं. पीटरला आधी जवळच्याच स्ट्रेलनाला बाग हवी होती, पण तिथे पाण्याला पुरेशी उंची मिळेना, म्हणून तो इकडे वळला. 1721 मध्ये वासिली तुवोल्कोव्ह नावाच्या माणसाने कालवा काढून दिला. काकांनी ते नाव दोनदा म्हणायला लावलं आणि डायरीत लिहून घेतलं. राजाचं नाव काही लिहिलं नाही!

"जागा बदलली ना? मग राजाला लेव्हल कळत होती," एवढं प्रशस्तिपत्रक देऊन त्यांनी प्रश्न सुरू केले. गाळ कोण काढतं? थंडीत नळ फुटत नाहीत का? थंडीत कारंजी बंदच असतात, हे त्यांना लगेच पटलं. गाळाचं उत्तर मात्र गाइडताईंकडे नव्हतं. "आजवर कुणी विचारलं नाही," त्या इंग्रजीत मला म्हणाल्या.

पुढे खोडकर कारंजी. बाकाशेजारच्या जमिनीत गोटे बसवलेले आहेत आणि कुठल्यातरी गोट्यावर पाय पडला की पाणी उडतं, असा समज. आमच्या दोन काकू साड्या खोचून एकेक गोटा दाबून बघू लागल्या. रशियन पोरंही त्यांच्या मागे नाचायला लागली. गोट्यांचा काही संबंध नसतो. बाजूच्या आडोशाला एक माणूस बसलेला असतो आणि तो मनाला येईल तेव्हा पाणी सोडतो. हे मी ग्रुपला आधी कधीच सांगत नाही. काकू नखशिखांत भिजल्या. आडोसा काकांनीच हुडकला आणि त्या माणसाला लांबून हात केला, खात्यातला जुना सहकारी भेटावा तसा.

ओल्या साड्यांनी महालात जायला काकूंनी नकार दिला, म्हणून त्या आणि काका बाहेरच बसले. बाकीच्यांना बुटांवर पिशव्या चढवून मी दालनं फिरवून आणली. ती होती तशीच होती.

परतीच्या बसमध्ये काकांनी माझ्याकडून माइक मागून घेतला. अंताक्षरीच्या आशेने टाळ्या पडल्या. त्यांनी सुरू केलं कात्रजच्या तळ्यापासून: पेशव्यांनी शनिवारवाड्यापर्यंत पाणी कसं नेलं, तेही असंच विनापंप. हॉटेल आलं तेव्हा ते जेमतेम पर्वतीपर्यंत पोचले होते, आणि पुढच्या दोन रांगांतले लोक उतरायला तयार नव्हते.