मावशींचे पाय

"सिस्टर, खाली जरा लागता," गोव्यातल्या वाळपईकडच्या मावशी एवढंच बोलल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या. वय ६४. दोन वर्षं खाज होती. फार्मसीतून आणलेलं बुरशीचं मलम लावायचं, कधी खोबरेल, पण घरात कुणाला सांगायचं नाही. शेवटी गाठ फुटली तेव्हा आल्या. बायोप्सीत व्हल्व्हाचा, म्हणजे योनीच्या बाहेरच्या भागाचा कॅन्सर निघाला.

हा कॅन्सर तसा क्वचितच दिसतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल आता गावोगाव बोलतात, याच्याबद्दल कुणी बोलत नाही. उतारवयात तिथली खाज हटत नसेल, कातडी पांढरी पडत असेल, तर मलमं बदलत बसू नका, तपासून घ्या. लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचारोग असू शकतो. बहुतेकींना त्यातून कॅन्सर होत नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. मी आता वॉर्डात प्रत्येकीला खाजेबद्दल स्वतःहून विचारते. विचारलं की बायका सांगतात.

ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर दोन्ही जांघांतल्या लसीकाग्रंथीही (अंगातला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या. जखम अशा जागी की लघवीला गेलं की झोंबणारच. म्हणून लघवी करताना कोमट पाणी ओतत राहायचं, नंतर घासायचं नाही, मऊ कापडाने टिपायचं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढल्यावर मावशी रडल्या, पण दुखण्याने नव्हे. धार वाकडी होऊन लघवी मांडीवर ओघळत होती. असं होऊ शकतं हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं, राहून गेलं. आता ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळीच पडदा ओढून, खुर्ची घेऊन शेजारी बसते आणि सांगते.

खरी अडचण घरी जाताना आली. ग्रंथी काढल्या की पायांतलं पाणी नीट वर चढत नाही, पाय सुजतात, साधा काटा लागला तरी संसर्ग भडकू शकतो. म्हणजे अनवाणी चालणं बंद. आणि मावशींचं तर कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग.

"कुळागरात चपला घालून शिंपणं कसं करू गे बाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन महिन्यांनी मावशी तपासणीला आल्या त्या मुलाने आणलेले गमबूट घालून, कडांना तांबडी माती. गुडघ्यावर १० सेंटीमीटरवर खूण करून दोन्ही मांड्या मोजल्या. डावी २ सेंटीमीटरने जास्त. डॉक्टरांनी सूज आवरायला घट्ट पायमोजा लिहून दिला. मे महिन्याच्या उकाड्यात तो घालवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगितलं, सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधीच चढवा. मावशींनी माझ्यासमोर एकदा घालून दाखवला. दहा मिनिटं लागली.