दिसतो तोच शब्द, पण सापडत नाही

कामाच्या नोंदी मी साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवतो. एका विषयाची एक फाइल, नावात आधी तारीख, मजकूर मराठीत, शोधायला ग्रेप ही कमांड.

त्या दुपारी बॅकअप अडकला. दुसऱ्या सर्व्हरची डिस्क भरलेली. डिस्कवरची मोकळी जागा सांगणारी डीएफ कमांड म्हणे जागाच नाही, फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज मात्र निम्म्याच्याही खाली. असं पूर्वी एकदा झालं होतं आणि उपाय मी लिहून ठेवला होता, हे पक्कं आठवत होतं. 'दुसऱ्या' शोधलं, तर फक्त हल्लीच्या फाइली आल्या. 'सर्व्हर' शोधल्यावर जुनी नोंद निघाली, आणि तिच्या पहिल्याच ओळीत 'दुसऱ्या' ढळढळीत लिहिलेलं!

उपाय लगेच लागू पडला. पुसलेली लॉग फाइल एका प्रोसेसने उघडीच धरली होती, म्हणून तिची जागा सुटली नव्हती. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफने ती दाखवली, प्रोसेस रीस्टार्ट केली, जागा मोकळी झाली. तो शब्द मात्र डोक्यातून जाईना.

एका हल्लीच्या आणि त्या जुन्या फाइलीचा हेक्स डंप, म्हणजे अक्षरांमागचे कोड, काढला. एकीत 'ऱ', म्हणजे युनिकोड या अक्षर-क्रमांकांच्या यादीत ०९३१, आणि पुढे हलन्त. फोनवर लिहिलेल्या जुन्या नोंदीत साधा 'र', म्हणजे ०९३०, मग हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे जोडाक्षराचं रूप ठरवणारं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर काडीचा फरक नाही, पण ग्रेपच्या लेखी शब्द वेगळे. काही फाइलींत तिसराच प्रकार होता: 'र'खाली नुक्ता, म्हणजे टिंब.

नुक्त्याचं काम सोपं. एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करणारं पायथनमधलं एनएफसी नॉर्मलायझेशन 'र' आणि नुक्ता जोडून 'ऱ' करतं. जॉइनरला ते हात लावत नाही, आणि तो सरसकट उडवला तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना'. म्हणून स्क्रिप्टने 'र, हलन्त, जॉइनर' एवढाच क्रम पकडून तिथे 'ऱ, हलन्त' घालायचं; बाकीचे जॉइनर जिथल्या तिथे. आधी सगळं गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, कमिट केलं (नोंदवलं). डोळ्यांनी तपासणं शक्य नव्हतं, तेव्हा स्क्रिप्टलाच प्रत्येक बदलाचे आधीचे-नंतरचे कोड छापायला लावले आणि ती यादी शेवटपर्यंत वाचली. मराठी कळफलक बनवणाऱ्यांनी 'ऱ' थेट द्यावा, असं मला फार मनापासून वाटतं.

आता ही स्क्रिप्ट प्रत्येक कमिटच्या आधी आपोआप चालते. शोधायचा शब्दही ग्रेपकडे जाण्याआधी तिच्यातूनच जातो, कारण तो कधी फोनवरूनही टाइप होतो.