बारसं दोन वर्षं उशिरा

२८ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीची शंभरी झाली. ऑप्री म्हणजे शनिवारी रात्रीचा रेडिओवरचा शो, कंट्री म्युझिकवाल्यांची पंढरीच म्हणा. पण मी पडलो तिथी की तारीख यावरून भांडणाऱ्या मुलखातला, त्यामुळे शंभरी म्हटलं की आधी डोक्यात येतं, मोजायचं कधीपासून?

कारण १९२५ च्या त्या दिवशी ऑप्री नावाचं काही नव्हतंच. डब्ल्यूएसएम हे एका इन्शुरन्स कंपनीचं स्टेशन, सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि तिथे जॉर्ज हे नावाचा तिशीतला अनाउन्सर (हे हे आडनाव आहे, माझा इलाज नाही). त्याने ७७ वर्षांच्या अंकल जिमी थॉम्पसनना माइकसमोर खुर्चीत बसवलं, हातात फिडल (म्हणजे व्हायोलिनच), पियानोवर नात्यातलीच इव्हा, आणि आजोबा जे सुटले ते तासाभराने दमलात का विचारलं तर म्हणे तासाभरात तर हातसुद्धा गरम होत नाही. किस्सा हेसाहेबांनीच सांगितलेला, तेव्हा थोडा मीठमसाला धरून चाला.

बारसं झालं डिसेंबर १९२७ मध्ये. आधीचा तास शास्त्रीय संगीताचा होता, न्यूयॉर्कहून यायचा, त्यात ऑर्केस्ट्राने रेल्वे इंजिनाची एक रचना वाजवलेली. ते संपल्यावर हेने डीफोर्ड बेलीला पुढे केलं, बुटका काळा माणूस, हातात फक्त माउथ ऑर्गन, आणि त्याने त्यावर अख्खी पॅन-अमेरिकन एक्स्प्रेस पळवली. मग हे बोलला, इतका वेळ ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ऑप्री. चेष्टेत पडलेलं नाव, चिकटलं ते चिकटलं.

मला विचाराल तर वाढदिवस हाच धरायला हवा होता. पण मग बेलीला १९४१ मध्ये काढून टाकलं हेही सांगावं लागतं, नंतर कित्येक वर्षं तो नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवत होता, आणि केकवर असलं काही लिहीत नाहीत.

त्या गाडीची १९२७ चीच रेकॉर्ड आहे. परवा रात्री मोबाइलवर लावली, खरखर, मग लांबून शिट्टी, मग चाकं वेग घेतात, आणि हा माणूस श्वास कधी घेतो तेच कळत नाही. आतून आई म्हणाली, कोळशाचं इंजिन कुठे लावलंयस रे?