एबीएस प्रकरण पुढे सरकले: सेन्सर निर्दोष, तडा टोन रिंगला

माझ्या गाडीच्या एबीएसचे (ब्रेक दाबताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) जे दुखणे मागील नोंदीत मांडले होते, त्याचे मूळ अखेर सापडले आहे. ब्रेक हलकेच दाबून थांबताना वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला की पेडल थरथरते, पंप घुरघुरतो आणि गाडी हातभर पुढे सरकते. वर्धा रोडच्या सिग्नलवर समोरच्या बंपरला टेकण्यास तेवढे पुरते. टायर चांगले, रस्ता कोरडा, आणि एबीएसचा दिवा मात्र चावी फिरवल्यावर लागून शहाण्यासारखा विझतो.

दिवा लागत नाही आणि बिघाडाचा कोडही नोंदला गेलेला नाही. ब्लूटूथची स्वस्त ओबीडी कांडी (गाडीतील बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण) माझ्या गाडीत इंजिनापलीकडे काहीच वाचत नाही, त्यामुळे एबीएस मॉड्यूल (त्या यंत्रणेचा संगणक) वाचणारा स्कॅनर मित्राकडून मागून आणला. चारही चाकांचे वेग शेजारी-शेजारी लावल्यावर, गाडी थांबत असताना डाव्या पुढच्या चाकाचा आकडा मध्येच गचके खाताना दिसला.

अशा वेळी सुट्या भागांच्या दुकानात ‘सेन्सरच बदलून टाका’ हे उत्तर तयार असते, कारण त्यांना तोच विकायचा असतो. चाकाचा वेग मोजणारा आपला सेन्सर दोन तारांचा, जुन्या पद्धतीचा आहे: आत चुंबक, भोवती तारेची गुंडाळी, आणि समोरून टोन रिंगचे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्याचे, दाते सरकले की व्होल्टेज वर-खाली होते. गुंडाळीचा रोध सकाळी १.१० किलोओहम भरला आणि भर दुपारी १.१७. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, तेव्हा नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांवर घेतलेल्या मापावरून कोणीही सेन्सर भंगारात काढू नये. उजव्या सेन्सरचे मापही जवळपास तेच आले. बैठकीवर गंज चढला की सेन्सर उचलला जातो आणि दात्यांपासूनचे अंतर वाढते, म्हणून बैठकही घासून स्वच्छ केली. थरथर तशीच राहिली.

मल्टिमीटर येथे फारसा कामाचा नाही, कारण तो सरासरी दाखवतो आणि एका दात्याची गडबड त्या सरासरीत बुडून जाते. व्होल्टेजच्या लाटा दाखवणारा छोटा ऑसिलोस्कोप जोडून, गाडी स्टँडवर ठेवून, चाक हाताने सेकंदाला साधारण एक फेरी या गतीने फिरवले; आपल्या टायरच्या मापाने हा वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास येतो. पडद्यावर एकसारख्या लाटांमध्ये दर फेरीला एकच लाट रुंद दिसली. टायरवर खडूने खूण केली, तर ती प्रत्येक वेळी त्याच जागी! तेथे आरसा आणि टॉर्च धरल्यावर सीव्ही जॉइंटवरील (ॲक्सलच्या चाकाकडील वळत्या सांध्यावरील) रिंगमध्ये, दोन दात्यांच्या खाचेत, केसाएवढा तडा दिसला. रिंगखालून तपकिरी गंजाची कड बाहेर आली होती आणि नख त्या तड्यात अडकत होते. खालचा गंज फुगला, त्याने रिंग ताणली आणि ती तडकली, हे उघड आहे. तड्याजवळच्या दोन दात्यांमधले अंतर वाढल्यामुळे मॉड्यूलला चाक क्षणभर अडकल्यासारखे वाटते आणि ते ब्रेकचा दाब सोडते. वेगात असताना लाटा इतक्या दाट येतात की हा एक खंड त्यांत विरून जातो.

जुन्या बाजारातून अख्खा ॲक्सल आणण्याचा माझा विचार होता, परंतु त्यावरची रिंगही तितकीच जुनी आणि तितकीच गंजलेली निघणार. म्हणून तेवढेच दाते मोजून नवी रिंग मागवली आहे. हे लिहिता लिहिताच ध्यानात आले की आपल्या जॉइंटवर रिंग हबच्या (चाक बसते त्या भागाच्या) बाजूने चढते, त्यामुळे ॲक्सल गिअरबॉक्समधून काढण्याची गरजच नाही. हब नट आणि खालचा बॉल जॉइंट सोडून टोक बाहेर ओढले की पुरे. गिअर ऑइल वाचले, जॉइंटवरचा रबरी बूटही उघडावा लागणार नाही. जॉइंटची बैठक चकाकेपर्यंत घासून, फक्त रिंग ओव्हनमध्ये तापवून थंड जॉइंटवर बसवायची; हब नट मात्र नवाच लागेल.

रिंग येईपर्यंत ऑसिलोस्कोप हाताशी आहेच, तर उजव्या बाजूची रिंगही तपासतो. तिचे वयही तेवढेच आहे. तिथेही रुंद लाट दिसली, तर दोन्ही रिंगा एकदमच बदलीन.